लाखोळी डाळ व भंडारा जिल्ह्यातील अन्नाची मागणी

भंडारा जिल्हा व त्याभोवतीचा धानपट्टा यांतील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या वापरात असलेले एक स्वस्त कडधान्य. लाख, लाखोळी किंवा लाखोरी या नावांनी ते विदर्भात ओळखले जाते. हिंदी भाषी प्रदेशात त्यास खेसरी किंवा तिवडा म्हणतात. शास्त्रीय नाव लॅथिरस सॅटिव्हस, कुल लेग्युमिनोजी. एकाच वेळी प्रथिनांचा स्वस्त पुरवठा करणारे आणि अतिसेवनाने पाय कायमचे निकामी करू शकणारे हे धान्य आहे. त्यामुळे गरीब कुटुंब अन्नाची निवड कशी करते, किमतीत वा मजुरीत बदल झाला म्हणजे ती निवड कशी पालटते आणि शासकीय बंदीने नेमके काय साधते, या प्रश्नांच्या अभ्यासाला लाखोळीचा इतिहास विशेष उपयोगी पडतो. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंतचे येथील विवेचन अविभक्त भंडारा जिल्ह्यास अनुलक्षून आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश मुख्यतः धानाचा. गोंड राजवटीच्या आश्रयाने येथे स्थायिक झालेल्या कोहळी समाजाने हजारो लहानमोठे तलाव बांधून भातशेतीस पाण्याची शाश्वती दिली. पुढे मालगुजारी तलाव या नावाने ते प्रसिद्ध झाले. नवेगाव बांध हा त्यांपैकी सर्वांत ख्यातनाम. बांध घातलेल्या खाचरास येथे ‘बांधी’ म्हणतात. धान कापणीस येण्याच्या सु. दोन आठवडे आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या पिकात लाखोळीचे बी फोकून देण्याची पद्धत रूढ आहे. तिला ‘उतेरा’ असे नाव आहे. नांगरट नाही, खत नाही, पाणी देणे नाही. धान निघाल्यानंतर जमिनीतील उरलेल्या ओलीवर रोप वाढते व उन्हाळ्याच्या तोंडी शेंगा हाती येतात. हरभरा किंवा गहू ज्या जड, चिबड जमिनीत मशागतीवाचून तग धरत नाही, तेथेही लाखोळी येते. पाण्याची टंचाई आणि पाणथळपणा ही दोन्ही संकटे ती सोसते. बियाण्याखेरीज जवळजवळ काहीच खर्च नसलेल्या या पिकाची किंमत इतर कडधान्यांपेक्षा कमी राहिली, यात नवल नाही. कोवळ्या शेंड्यांची भाजी, त्यांचीच वाळवून ठेवलेली भाजी, डाळीचे वरण व पिठाचे पदार्थ अशा अनेक रूपांनी ती स्वयंपाकात येते. तिचे कुटार जनावरांच्या उपयोगी पडते.

आहाराच्या दृष्टीने लाखोळीचे महत्त्व कळण्यास दोन-तीन आकडे पुरेसे आहेत. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅ. सडलेल्या तांदळात सु. ३४५ उष्मांक व ६.८ ग्रॅ. प्रथिने असतात, तेवढ्याच लाखोळी डाळीत उष्मांक सु. ३४५ च, पण प्रथिने २८.२ ग्रॅ. असतात. तूर डाळीत प्रथिनांचे प्रमाण सु. २२.३ ग्रॅ., तर हरभरा डाळीत सु. २०.८ ग्रॅ. आहे. तांदळाच्या प्रथिनांत लायसीन हे ॲमिनो अम्ल कमी पडते व ते लाखोळीत भरपूर असते. उलट लाखोळीत कमी असलेले गंधकयुक्त ॲमिनो अम्ल तांदूळ पुरवितो. भात आणि लाखोळीचे वरण ही जोडी म्हणून पोषणशास्त्राच्या कसोटीस बऱ्यापैकी उतरते. तिला तलावातील मासळीची, शिंगाड्यांची व रानभाज्यांची जोड मिळत असे. हे अन्न बाजारातून येत नसल्याने कौटुंबिक खर्चाच्या पाहण्यांत त्याची नोंद पुरेशी होत नाही, ही गोष्ट धानपट्ट्याविषयीचे कोणतेही आकडे वाचताना ध्यानात ठेवावी लागते.

कुटुंबाचे उत्पन्न जितके कमी तितका अन्नावर होणाऱ्या खर्चाचा हिस्सा मोठा, हा नियम जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल (१८२१–९६) यांनी १८५७ मध्ये बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चावरून मांडला. त्याचा पुढचा भाग असा की, अन्नावरील खर्चातही गरिबाचा पैसा प्रथम तृणधान्याकडे जातो. पोट भरल्यानंतर डाळ, तेल, दूध, भाजी व साखर यांचा क्रम लागतो. ग्राहक बाजारात प्रथिने किंवा जीवनसत्त्वे विकत घेत नाही. तो तांदूळ, डाळ, मीठ, मिरची विकत घेतो आणि पोषकद्रव्ये त्यांतून आपोआप येतात. चव, सवय, प्रतिष्ठा, शिजण्यास लागणारे सरपण यांचाही त्याच्या निवडीवर परिणाम होतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर (१९११–९१) यांनी १९४५ मध्ये प्रौढ माणसाच्या सर्व पोषणगरजा भागविणारा किमान खर्चाचा आहार गणिताने काढला. १९३९ च्या किमतींनुसार त्याचा वार्षिक खर्च ३९.९३ डॉलर आला. त्या आहारात गव्हाचे पीठ, आटवलेले दूध, कोबी, पालक व वाळलेल्या घेवड्याच्या बिया एवढेच जिन्नस होते. असा आहार कोणी स्वखुशीने घेणार नाही, हे स्टिग्लर यांनाही मान्य होते. हेच गणित धानपट्ट्यात मांडले, तर घेवड्याच्या जागी लाखोळीच येईल. गणिताच्या उत्तरात नसलेली गोष्ट मात्र तिच्या दाण्यात आहे.

ती गोष्ट म्हणजे बी-ओडॅप या संक्षेपाने ओळखले जाणारे, चेतासंस्थेस अपायकारक असे एक ॲमिनो अम्ल. भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ते दाण्यातून वेगळे केले. रोग मात्र त्याहून फार जुना आहे. इटालियन वैद्य आर्नाल्डो कांतानी यांनी १८७३ मध्ये त्यास ‘लॅथिरिझम’ हे नाव दिले. माद्रिदच्या १८११–१२ च्या दुष्काळात या धान्याच्या पिठावर जगणाऱ्या लोकांचे चित्र स्पॅनिश चित्रकार गोया याने कोरून ठेवले आहे. भारतातील प्रसिद्ध नोंद विल्यम स्लीमन (१७८८–१८५६) या इंग्रज अधिकाऱ्याची असून ती सागरकडील भागाविषयी आहे. १८२९ मध्ये गारपिटीने, १८३० मध्ये अवर्षणाने व १८३१ मध्ये रोगाने तेथील गव्हाचे पीक ओळीने तीन वर्षे बुडाले. शेतांत आपोआप वाढलेल्या तिवड्यावर लोकांनी दिवस काढले आणि १८३३ पासून तिशीच्या आतील अनेक माणसे कमरेपासून खाली लुळी पडली. १८४४ मध्ये प्रकाशित झालेल्या त्याच्या ग्रंथात हा वृत्तांत आहे. रोगात दोन्ही पायांचे स्नायू ताठरतात, रोगी काठीच्या आधाराने चवड्यांवर चालू लागतो व अखेर सरपटू लागतो. गेलेली शक्ती परत येत नाही. हा आजार पुढेही प्रामुख्याने अल्पवयीन व तरुण, कष्टाची कामे करणाऱ्या पुरुषांत आढळत गेला. म्हणजे घरातील मिळवता हातच तो निकामी करी.

सामान्यतः आहारातील एकूण उष्मांकांपैकी सु. एक-तृतीयांश वा त्याहून अधिक भाग दोन-तीन महिने सलग लाखोळीतून आला, तर धोका संभवतो, असे मानले जाते. अल्प प्रमाणात व इतर धान्यांबरोबर खाणाऱ्यास तो सहसा होत नाही. म्हणजे रोगाचे कारण जितके दाण्यात, तितकेच ताटातील तिच्या प्रमाणात आहे. आणि ते प्रमाण किंमत व उत्पन्न ठरवितात. मध्य प्रदेशातील रीवा व सतना या भागांत विसाव्या शतकाच्या मध्यास लॅथिरिझमचे मोठे क्षेत्र आढळले. तेथे वेठीच्या सालगड्यांना मजुरी म्हणून हेच धान्य मिळे व त्याच्या भाकरीवर त्यांची गुजराण होई. भंडाऱ्यात लाखोळी प्रायः भाताबरोबर वरणाच्या किंवा भाजीच्या रूपाने येत असे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत, रीव्यात ती तृणधान्याची पर्यायी वस्तू होती. भंडाऱ्यात ती भाताची पूरक वस्तू राहिली. एकच दाणा दोन ठिकाणी दोन वेगळ्या परिणामांस कारण झाला, त्याचा उलगडा या भेदात बऱ्याच अंशी सापडतो.

तथापि धान बुडाले की हा भेद टिकत नाही. भंडारा जिल्ह्यास १८९६–९७ व १८९९–१९०० या दोन्ही दुष्काळांची झळ लागली. जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मधील सु. ७.४ लाखांवरून १९०१ मध्ये सु. ६.६ लाखांवर आली. पाऊस लवकर थांबला की धान हातचे जाते. लाखोळी मात्र थोड्या ओलीवरही उभी राहते. तांदूळ महागतो, मजुरी मिळत नाही आणि उरलेल्या पैशात अधिकाधिक लाखोळीच घेणे भाग पडते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ ॲल्फ्रेड मार्शल (१८४२–१९२४) यांनी १८९५ मध्ये आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत रॉबर्ट गिफेन यांचा हवाला देऊन असाच विचार मांडला होता. पाव महागला, तर अत्यंत गरीब कुटुंब मांसावरचा खर्च तोडते व पावच अधिक खाते. अशा ‘गिफेन वस्तू’चा भक्कम पुरावा प्रत्यक्ष प्रयोगातून पुढे यावयास २००८ साल उजाडले; त्या वर्षी जेन्सन व मिलर यांनी चीनच्या हूनान प्रांतातील गरीब कुटुंबांत तांदळाच्या मागणीबाबत तो दाखवून दिला. लाखोळीची गोष्ट काटेकोर अर्थाने गिफेनची नव्हे, कारण येथे दुसऱ्या धान्याची किंमत वाढते. पण उत्पन्न घटले की मागणी वाढणारी ‘हीन वस्तू’ हे वर्णन तिला पूर्णपणे लागू पडते. कुटुंब जसजसे गरीब होते तसतसा विषाचा डोस वाढतो, ही या हीन वस्तूची भयंकर बाजू होय.

डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास विषद्रव्याचा बराच भाग निघून जातो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात ही रीत तपासून सुचविली. पण तिला पाणी, सरपण व वेळ लागतो. खर्चाच्या वहीत न लिहिली जाणारी ही किंमत टंचाईच्या काळातच सर्वाधिक असते.

भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता. नंतर तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम १९५४ चा. त्याखालील नियमांत १९६१ मध्ये भर घालून लाखोळीच्या विक्रीस बंदी करण्याची तरतूद झाली. ती केव्हा लागू करावयाची हे राज्यांवर सोपविले होते. महाराष्ट्राने त्याच वर्षी बंदी लागू केली. इतर काही राज्यांत मात्र हे धान्य मोकळेपणाने पिकत व विकले जात राहिले. बंदी विक्रीवर होती, पेरणीवर नव्हती. ज्याच्याकडे बांधी होती तो उतेऱ्याची लाखोळी घरी खाऊ शकत होता. तिला उघडा बाजार मात्र उरला नाही. ज्याच्याकडे जमीन नव्हती, त्याच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त डाळ कायद्याने नाहीशी झाली आणि तिच्या बदल्यात दुसरी स्वस्त डाळ मिळण्याची तजवीज झाली नाही. व्यापाऱ्यास मात्र वेगळीच संधी मिळाली. लाखोळीची डाळ दिसावयास तुरीच्या डाळीसारखी व तिचे पीठ बेसनासारखे. दोहोंच्या भावांत अंतर जितके मोठे, तितका भेसळीतील नफा अधिक. परिणामी लाखोळी खाण्याचा ज्यांचा इरादाही नव्हता अशा शहरी ग्राहकांच्या ताटात ती तूर व बेसन या नावांनी जाऊ लागली. पुरवठा रोखून मागणीचे कारण दूर होत नाही. हे कारण म्हणजे गरिबी. तिच्याकडे या नियमाने पाहिलेच नव्हते. तरीही रोगाचे स्वरूप व त्या वेळचे अपुरे ज्ञान पाहता शासनाचा सावधपणा अनाठायी होता, असेही म्हणता येत नाही.

बंदीचे वर्ष देशातील डाळींच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरले. भारतात दर माणशी दररोज उपलब्ध होणाऱ्या डाळींचे प्रमाण १९६१ मध्ये सु. ६९ ग्रॅ. होते, १९७१ मध्ये ते सु. ५१ ग्रॅ. व २००१ मध्ये अवघे ३० ग्रॅ. झाले. हरितक्रांतीत गहू व तांदूळ यांस सुधारित बियाणे, पाणी व हमीभावाची खात्री मिळाली, कडधान्ये मागे पडली. तृणधान्ये तुलनेने स्वस्त व डाळी महाग होत गेल्या, की गरिबाच्या ताटातील भात टिकतो व वरण पातळ होत जाते. वि. म. दांडेकर (१९२०–९५) व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचे मोजमाप करताना दर माणशी दररोज २,२५० उष्मांक देणारा आहार ही कसोटी धरली. १९६०–६१ च्या किमतींनुसार त्यासाठी ग्रामीण भागात दरमहा १५ रु. खर्च पुरेसा होता. तेवढाही खर्च सु. ४० टक्के ग्रामीण लोकांना झेपत नव्हता. त्याच सुमारास जगभर ‘प्रथिनांच्या तुटीची’ चर्चा चालू होती. पां. वा. सुखात्मे (१९११–९७) यांनी तिला हरकत घेतली. भारतातील सर्वसामान्य आहारात तूट मुख्यतः एकूण अन्नाची असून, पोटभर खाणाऱ्यास प्रथिनेही बहुधा पुरेशी मिळतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. गहू व ज्वारी खाणाऱ्या प्रदेशांना ते जितके लागू पडते, तितके भाताच्या प्रदेशाला पडत नाही. कारण तांदळात प्रथिने कमी आहेत. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात डाळीचा प्रश्न म्हणून अधिक नाजूक होतो.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील अन्नाच्या मागणीचा सर्वांत गाजलेला अभ्यास शंकर सुब्रमणियन व अँगस डीटन यांचा आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९८३ मधील ३८ व्या फेरीतील सु. ५,६०० कुटुंबांची माहिती त्यांनी वापरली. निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. डीटन यांना २०१५ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या कार्यासाठी मिळाले, त्यात उपभोग व दारिद्र्य यांवरील अशा संशोधनाचा समावेश होतो. कुटुंबाचा एकूण खर्च १० टक्क्यांनी वाढला, तर अन्नावरील खर्च सु. ७.५ टक्क्यांनी वाढतो; पण उष्मांक केवळ ३ ते ५ टक्क्यांनी वाढतात, असे त्यांना आढळले. उरलेला पैसा अधिक महाग उष्मांकांवर, म्हणजे भरड धान्याऐवजी गहू-तांदूळ, डाळी, तेल, दूध व साखर यांवर जातो. दिवसभराच्या कामास लागणारे उष्मांक त्या वेळी दिवसाच्या मजुरीच्या ५ टक्क्यांहूनही कमी किमतीत मिळू शकत होते, हा त्यांचा निष्कर्ष विशेष चर्चिला गेला. तो भंडाऱ्याच्या संदर्भात नीट वाचावयास हवा. उष्मांक स्वस्त होते, याचा अर्थ आहार स्वस्त होता असा नव्हे. काम मिळाले त्या दिवसाची ती मजुरी. रोवणी व कापणी यांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत ती नव्हतीच. शिवाय त्या मजुरीवर मुले, वृद्ध, औषधपाणी व कर्ज यांचाही भार असे.

खर्च वाढत असताना उष्मांक मात्र घटत गेले, ही पुढील कोड्यात टाकणारी गोष्ट. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भारतात दर माणशी उष्मांकांचे प्रमाण १९८३ मध्ये सु. २,२०० होते, ते २००४–०५ मध्ये सु. २,०५० वर आले. कष्टाची कामे कमी झाली, आरोग्य सुधारले म्हणून गरज घटली, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. शिक्षण, औषधे व इंधन यांवरील वाढत्या खर्चाने अन्नाचा पैसा खाल्ला, असे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ खाली पात्र कुटुंबातील दर माणशी दरमहा ५ किग्रॅ. धान्य अल्प दरात व जानेवारी २०२३ पासून मोफत मिळू लागले. अधिनियमाची हमी तृणधान्यापुरती आहे, डाळीस ती लागू नाही. स्वस्त तांदळामुळे वाचलेला पैसा वरणाकडे वळतो की अन्य गरजांकडे, यावर त्याचा पोषणमूल्यात्मक परिणाम अवलंबून राहतो.

लाखोळीवरील बंदी उठविण्यासाठी नागपूर येथील अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट या संस्थेचे शांतिलाल कोठारी यांनी दीर्घकाळ चळवळ केली, उपोषणेही केली. विदर्भात पिढ्यान् पिढ्या ही डाळ खाल्ली जात असूनही पांगळेपणाची साथ आढळत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये राज्यातील बंदी मागे घेतली. २०११ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा विनियमांत मात्र या धान्याच्या विक्रीवरील निर्बंध कायम राहिला. गोंदिया जिल्ह्यातील गावांत राष्ट्रीय पोषण संस्थेने केलेली एक पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत लाखोळीचा वापर चालू असला, तरी आहारातील तिचे प्रमाण अल्प असल्याचे दिसून आले. २०१५ च्या उत्तरार्धात तूर डाळीचा भाव शहरांत किलोमागे २०० रुपयांच्या घरात गेला. त्यानंतर लगेचच, २०१६ च्या प्रारंभी, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ञांनी बंदी उठविण्यास अनुकूल मत दिल्याचे वृत्त आले. लाखोळीविषयीचा वैद्यकीय वाद डाळींचे भाव चढले की जागा होतो, हा योगायोग मानणे कठीण आहे. रतन, प्रतीक व महातिवडा हे विषद्रव्याचे प्रमाण कमी असलेले वाण दरम्यान विकसित झाले. परंतु उतेऱ्याचे बी शेतकरी घरचेच राखतो व ते शेजारच्या देशी वाणाशी संकरित होते, म्हणून सुधारित वाणाची शुद्धता टिकविणे अवघड जाते.

बंदीने जे घडले नाही ते अलीकडे पाण्याने व भावाने घडत आहे. इटियाडोह, गोसीखुर्द इ. प्रकल्पांचे पाणी ज्या बांध्यांना मिळते तेथे उन्हाळी धान घेणे किंवा हरभरा पेरणे अधिक किफायतशीर ठरते व उतेऱ्यास जागा उरत नाही. कोरडवाहू बांध्यांत मात्र धान कापणीस आले की लाखोळीचे बी अजून फोकले जाते. तिची डाळ घरात वापरली जाते, उरलेली बाजारात येते आणि वाळवलेली भाजी उन्हाळ्यासाठी मडक्यात भरून ठेवली जाते.